रिकामी माणसं तिसऱ्या पंगतीला

माझ्या बहिणीचं साक्षगंध मोडायला मी निघाले नव्हते. मी फक्त दोन लहान मुलांना पहिला, दुसरा आणि तिसरा शिकवत होते.

हे लिहून ठेवणं भाग आहे, कारण आमच्या सक्करदऱ्याच्या घरात या घटनेचा अत्यंत विपर्यस्त इतिहास सांगितला जातो. (इतिहास नेहमी स्वयंपाकघराच्या ताब्यात असतो!) त्या दिवशी सावनेरहून नवरदेवाकडची मंडळी यायची होती. आधी जेवणं, मग कुंकू लावून शोभाताईचं लग्न पक्कं. आई आणि काकू पहाटेपासून चुलीपुढे. शोभाताई तर स्वतःच्याच साक्षगंधाचे वडे थापत होती!

आणि मी? मी बाजेवर पालथी पडून पत्रक लिहीत होते. मथळा: ‘राबणाऱ्याचं ताट पहिलं!’ बाया राबतात, पुरुष आधी जेवतात, आणि बायांच्या वाट्याला भाजीतला नुसता रस्सा! ‘भगिनींनो, उठा!’ या जळजळीत ओळीपर्यंत मी पोचले आणि काकू कडाडली,

“तूच उठ वं आधी! आम्ही मरून राहिलो अन् ही लोळून राहिली! कढीले हात नको लावू, मागच्या खेपेला फोडली तू. त्या पोट्ट्यायले सांभाळ!”

पोट्टे म्हणजे माझ्या दादाची मुलं, पिंटू आणि बेबी. पिंटूला शाळेतल्या बाईंनी ‘पहिला, दुसरा, तिसरा’ शिकून यायला सांगितलं होतं. मी ताटात लाडू ओळीने मांडले.

“पिंटू, चौथा लाडू दे.”

त्याने चार दिले.

“चार नाही रे, चौथा!”

“मोजून पाह्य ना आत्या, चारच आहेत.”

“अरे, चौथा म्हणजे एकच! तिसऱ्याच्या नंतरचा!”

त्याने तीन लाडू शांतपणे खाल्ले आणि उरलेला माझ्यापुढे धरला. “हा घे. तिसऱ्याच्या नंतरचा.”

या शिक्षणपद्धतीचा निषेध असो! लाडवाला विचार नसतो. क्रमामागे काही तत्त्व हवं की नको? मी मुलांना अंगणात नेलं, पंगती बसायच्या होत्या तिथेच खडूने तीन रेघा ओढल्या आणि सांगितलं, “ही पहिली पंगत. इथे कोण बसणार? ज्यांनी स्वयंपाक केला ते. दुसरी लहान मुलांची. आणि तिसरी रिकाम्या माणसांची, ज्यांनी काहीच केलं नाही.”

“अन् कोन कितवा, हे कसं ओळखाचं?” बेबीने विचारलं.

“सोपं आहे. स्वयंपाक केला का, म्हणून विचारायचं.”

चुटकीसरशी पाठ झालं! मला वाटलं, धडा संपला. मुलांना वाटलं, नोकरी लागली!

दुपारी पाहुणे हातपाय धुऊन अंगणात आले. नवरदेवाचे वडील, कडक इस्त्रीची टोपी, गावात मोठा मान, पहिल्या रेघेवर टेकणार तोच पिंटू आडवा. हातात फुटपट्टी.

“आजोबा, तुमी सैपाक केला का?”

“मी? नाही बा,” ते हसले. “मी कायले करू?”

“मंग तुमी रिकामे. तिसऱ्या पंगतीत चला.”

बेबीने त्यांचं धोतर धरून रेघ दाखवलीसुद्धा!

हसू थांबलं. “रिकामे? कोन म्हणते बे?”

“आत्या!” दोन बोटं माझ्याकडे वळली.

इथे कोणत्याही शहाण्या मुलीने माफी मागितली असती. मी पत्रक काढलं. “बंधूंनो, प्रश्न तुमच्या टोपीचा नाही, प्रश्न व्यवस्थेचा आहे!”

“भाषण बंद कर वं!” काकू झारा घेऊन धावली. बाबा हात जोडून “लेकरू आहे, लेकरू आहे,” म्हणत होते. (पिंटूविषयी की माझ्याविषयी, हे अजून कळलेलं नाही.) पाहुण्यांनी टोपी सारखी केली. “चला, निघू. रिकाम्या माणसाचं इथं काही काम नाही.”

स्वयंपाकघराच्या दारात शोभाताई उभी होती, हाताला पीठ. ती रडली असती तर बरं झालं असतं. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मी दुसरा परिच्छेद न वाचताच पत्रकाची घडी घातली.

तेवढ्यात नवरदेवाची आजी पुढे झाली आणि पहिल्या रेघेवर मांडी घालून बसली.

“माय, ऊठ. आपण निघून राहिलो,” टोपीवाले म्हणाले.

“तू नीघ. ए पोट्ट्या, मले विचार.”

“आजी, तुमी सैपाक केला का?”

“जलमभर केला, बापू. ह्या टोपीवाल्याले बी म्याच खाऊ घातलं. आन वडे! गरम आहेत तवर मी काही हलत नाही.”

आईला टाकून जाणार कसे? सगळे थबकले. आजीशेजारी एकेक बाई येऊन बसली, शेवटी आमची आई आणि काकूही. विजय! क्रांती! मी टाळ्या पिटल्या.

“टाळ्या काहून वाजवते वं?” काकू म्हणाली. “वाढते कोन?”

पत्रकात हा मुद्दा सुटला होता.

नवरदेवाने भाताचं पातेलं उचललं. दादाने वडे घेतले. मी कढी वाढली, निम्मी वाटीत आणि निम्मी आजीच्या लुगड्यावर. आजीने ढिम्म न हलता वडे संपवले, बोटं चाटली आणि मुलाला म्हणाली, “पोरगी पसंत. वडा असा असते! लाव कुंकू, अन् मंग जेव.”

टोपीने मान डोलावली. शोभाताईला कुंकू लागलं. मुलांची दुसरी पंगतही उठली. मी घाम पुसत ऐटीत पहिल्या रेघेवर जाऊन बसले. समोर फुटपट्टी!

“आत्या, तू सैपाक केला का?”

“मी वाढलं ना रे, राजा!”

“सैपाक केला का?”

काकू दारातून पाहत होती. “नाही,” मी म्हणाले.

बेबीने माझा पदर धरून तिसरी रेघ दाखवली. नवरदेवाच्या वडिलांनी सरकून जागा दिली. “या, रिकाम्या बाई, या!” आम्हा दोघांच्या पत्रावळीवर भात होता, भाजीचा नुसता रस्सा होता; वडा नव्हता.

जेवण झाल्यावर त्यांनी हात पुसायला काहीतरी मागितलं. मी पत्रक दिलं. त्यांनी ते दोन्ही बाजूंनी नीट वापरलं.

माझं पत्रक एखाद्या पुरुषाच्या खरोखर उपयोगी पडल्याचा हा पहिला प्रसंग. दुसरा अजून यायचा आहे!