शेवटच्या धुण्याचं पाणी

धुळाचा हुद्दा प्रयोगशाळा परिचर. जत तालुक्यातल्या मेंढपाळाच्या घरचा हा माणूस सांगलीच्या एका कॉलेजात चौदा वर्षं चुंबकीय पूड धूत आलाय. विभागात प्राध्यापक बदलले, प्रमुख बदलले, भिंतींचा रंग दोनदा बदलला. पूड धुवायला मात्र धुळाच लागतो.

ही पूड म्हणजे फेराइट. लोखंडाचे क्षार दुसऱ्या धातूंच्या क्षारांबरोबर पाण्यात विरघळवायचे, त्यांचा तपकिरी साका पाडायचा, तो सात-आठ पाण्यांनी धुवायचा आणि वाळवून भट्टीत भाजायचा. त्या पुडीची दाबून केलेली वडी मोबाइलच्या, रडारच्या लहरी गिळते. पीएच.डी. करणारी उत्कर्षा तीन वर्षं त्यात लँथॅनम नावाचा धातू मिसळून बघत होती. शंभर भागांत जेमतेम दोन भाग. तेवढ्याने वडी जास्त लहरी गिळेल, असा तिचा दावा.

"म्हंजी इरजानच की, ताई," धुळाने पहिल्याच दिवशी निकाल दिला होता.

"तसंच समजा, मामा. फक्त हे दही कुणी खायचं नाही."

प्रबंध जूनमध्ये द्यायचा होता. मार्चमध्ये मोजमापं आली, तर लँथॅनमची वडी आणि लँथॅनम न घातलेली कोरी वडी सारख्याच लहरी गिळत होत्या. पुन्हा केल्या, पुन्हा तेच. मार्गदर्शक मानसिंग सरांनी दोन्ही आलेख एकावर एक ठेवून उजेडात धरले.

"उत्कर्षा, यावर प्रबंध द्यायचा म्हणजे तीन वर्षांत आपण काहीच केलं नाही, हे सप्रमाण सिद्ध करणं."

सर गेले. उत्कर्षा वही उघडून वजनं पुन्हा तपासायला बसली. बेरजा बरोबर होत्या, हीच अडचण होती.

धुळा मोरीशी चंचुपात्रं विसळत होता. बराच वेळ विसळलेलंच विसळून झाल्यावर तो म्हणाला, "ताई, धुयाच्या पान्यानं काय फरक पडतो का?"

"डिस्टिल्ड आहे ना? मग काय पडणार?"

"डिस्टिल्डच हाय. पर वापरल्यालं."

तिने पेन खाली ठेवलं.

धुळाने टेबलाखालून पांढरा कॅन ओढला. एक लिटर शुद्ध पाणी करायला डिस्टिल्ड पाण्याचं यंत्र नऊ-दहा लिटर पाणी मोरीत सोडतं. जतमध्ये टँकरच्या रांगेत वाढलेल्या माणसाला हे पहिल्या दिवसापासून बघवलं नव्हतं. यंत्र त्याच्या हातात नव्हतं. शेवटच्या धुण्याचं पाणी मात्र होतं. ते दिसायला नितळ. म्हणून तो ते साठवायचा आणि पुढच्या पुडीच्या पहिल्या धुण्याला वापरायचा. वहीत लँथॅनमची पूड आधी होती, कोरी तिच्या मागून.

"आनि तळ?" धुळाने आपणच विचारलं आणि आपणच सांगितलं, "त्यो बी हालवून वततो म्या. वाया कशाला घालवायचा?"

उत्कर्षाने कॅन तिरका केला. तळाशी बोटभर तपकिरी गाळ हलला. पूड जितकी स्वच्छ होते तितके तिचे बारीक कण पाण्यात तरंगत निघून जातात, हे तिने स्वतः पहिल्या प्रकरणात, पान अकरावर, लिहिलेलं होतं.

"मामा, हे तीन वर्षांत सांगितलं का नाही?"

"तुमी इचारलं न्हाई. आनि पानी राखलं ह्यात सांगन्यासारखं काय, आसं वाटलं." मग खाली बघून, "लय वाटोळं झालं काय?"

"कोऱ्याचं झालं. लँथॅनमचं अजून ठरायचंय."

दोन्ही पुडी नव्याने करून ताज्या पाण्याने धुतल्या गेल्या. उत्कर्षाने सांगितलं म्हणून धुळाने प्रत्येक धुण्याचं पाणी मोरीत ओतलं. ओतताना तो खिडकीबाहेर बघत होता. एप्रिलअखेर आलेख आले. रेघ जितकी खाली, तितक्या जास्त लहरी गिळलेल्या. कोऱ्या वडीची रेघ वरच राहिली, लँथॅनमची खोल खाली उतरली. प्रबंध जूनमध्ये जाणार हे ठरलं. मानसिंग सरांनी वापरलेलं पाणी पुन्हा वापरू नये अशी सूचना भिंतीवर लावली, आणि त्रुटींच्या प्रकरणात परिच्छेद घालायला सांगितलं.

उत्कर्षाने तो धुळाला वाचून दाखवला. त्यात 'धुण्याच्या पद्धतीतील दोष' असं होतं.

"माझं नाव न्हाई?"

"कशाला घालू, मामा?"

"घाला की. दोष म्हनून नुसतं लिवलं तर वाचनाऱ्याला वाटंल, कुनीतरी निष्काळजी व्हतं."