जांभळ्या फुलाची नंबरप्लेट

रिपोर्ट चांगला आला. हे आधीच सांगून टाकतो, कारण शेवटच्या पानापर्यंत जीव टांगणीला लावणाऱ्या गोष्टी मला स्वतःला वाचवत नाहीत. बायको आत्ता स्वयंपाकघरात मिक्सर फिरवते आहे, त्या घरघरीत मी हे लिहितो आहे, आणि गेल्या आठवड्यात केलेल्या गाढवपणावर आता हसायला हरकत नाही.

गाढवपणा असा, की मी आमची जुनी गाडी विकली आणि नंबरप्लेटा तिच्यावरच राहू दिल्या.

भारतात वाढलेल्या माणसाला यात काय चुकलं तेच कळणार नाही. आपल्याकडे नंबर गाडीचा. ती चार हातांतून फिरली तरी नंबर तिला चिकटलेलाच. इथे कॅनडात, विनिपेगमध्ये, नंबर माणसाचा. गाडी विकायची, प्लेटा काढून घरी आणायच्या आणि नव्या गाडीला लावायच्या. हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मी बस बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनियर आहे, एकोणीस वर्षं या शहरात राहतो आहे, आणि मला माहीत नव्हतं. आधीच्या दोन्ही गाड्या डीलरला दिल्या होत्या, त्याने काय ते परस्पर उरकलं. ही पहिलीच गाडी मी स्वतः विकली, आणि गिऱ्हाईक निघाला सांगलीचा, सहा महिन्यांपूर्वी इथे आलेला. विकणारा आपल्याकडचा, घेणारा आपल्याकडचा, मग सांगणार कोण? चहा झाला, किल्ली दिली, आणि मी दारात उभा राहून हातसुद्धा हलवला.

दुसऱ्या दिवशी नव्या गाडीची नोंदणी करायला विम्याच्या ऑफिसात गेलो; इथे ते काम तिथेच होतं. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "जुन्याच प्लेटा लावणार ना?"

"हो, त्याच हव्यात."

"मग त्या कुठे आहेत?"

"गाडीवर."

"बाहेर उभी आहे ती?"

"नाही, विकली ती."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग लहान मुलाला समजावतात तसं मला सगळं समजावलं. नोंदणी तशीच अर्धवट टाकून मी बाहेर पळालो. दंडाबिंडाची भीती नव्हती. त्या प्लेटा साध्या नव्हत्या म्हणून.

पाच वर्षांपूर्वी बायकोला कॅन्सर झाला. केमोच्या खोलीत तिच्या शेजारच्या खुर्चीवर एक आजी असायच्या, थेट उत्तरेकडच्या कुठल्याशा गावातून विमानाने आलेल्या. त्यांच्या गावाला धड रस्ताही नाही. उपचार चालू असेपर्यंत त्यांची इथे राहायची सोय एक संस्था करत होती. त्या संस्थेच्या नावाची खास नंबरप्लेट मिळते, कोपऱ्यात जांभळं फूल असलेली. इथे अशा प्लेटा पुष्कळ आहेत. कुणी हॉकीच्या टीमची लावतं, कुणी मासेमारीची, कुणी अग्निशमनवाल्यांची. नेहमीपेक्षा थोडे जास्त पैसे भरायचे, त्यातला वाटा त्या कामाला जातो. उपचार संपल्यावर बायको म्हणाली, आपण फुलाची घेऊ. घेतली. घरात आनंद होता, पण पेढे वाटण्याइतका धीर अजून आला नव्हता, म्हणून ही प्लेट.

तेव्हापासून दर वर्षी तपासणीला गेलो की हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये उतरल्यावर ती गाडीच्या मागे जायची, त्या फुलाला हात लावायची, आणि मग आत चालू लागायची. ती पाण्याची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. देवाला हात जोडताना मी तिला कधी पाहिलेलं नाही. गणपतीतसुद्धा आरतीला मोदकांवर लक्ष ठेवून उभी असते. असल्या बाईने पत्र्याला हात लावावा, यावरून आत काय चाललं असेल ते मी ओळखलं, आणि त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. असल्या गोष्टी बोलून दाखवल्या की जातात.

आणि आता तपासणी तीन दिवसांवर आली होती.

घरी येऊन सांगितलं. मला वाटलं, चिडेल, माझी अक्कल काढेल. तेवढं झालं असतं तर बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "अरे, पत्रा आहे तो. जाऊ दे." भाजी चिरताना पुन्हा म्हणाली, "पत्राच तर आहे." जेवताना तिसऱ्यांदा म्हणाली. एखादी गोष्ट बायको तीन वेळा म्हणते तेव्हा तिचा अर्थ उलटा असतो, हे मी इतक्या वर्षांच्या संसारात शिकलो आहे. मला घास उतरेना. सांगलीकराला दोन दिवस फोन लावला, तो कामावर, उचलेना. बुधवारी मी अर्धी रजा टाकली आणि सरळ त्याच्या पत्त्यावर जाऊन धडकलो.

नवरा-बायको एका घराच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहत होते. तो बसने कामाला गेलेला, दार त्याच्या बायकोने उघडलं. गाडी मागच्या अंगणात उभी होती. बघतो तर काय, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, प्लेटच्या फुलावर हळदीकुंकवाची बोटं, आणि चाकापुढे चिरडलेलं लिंबू.

"अगं, ह्या प्लेटा काढायला आलोय," मी म्हटलं.

तिचा चेहरा पडला. "का हो काका? गाडी परत न्यायची म्हणता का?"

काका ऐकून मी एरवी मनात चरफडलो असतो, पण तेव्हा तेवढी सवड नव्हती. तिला इथला नियम सांगितला, तो तिलाही नवाच. "पण पूजा झाली ना त्या नंबराची," ती म्हणाली. "तुम्ही नवा घेऊन त्याची पूजा करा. आणि याच प्लेटा तुम्हाला कशाला हव्यात?"

मी काहीतरी टोलवून दिलं असतं. पण बाहेर उणे अकरा होतं, ती पोर पायात सपाता घालून उभी होती, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "माझ्या बायकोला कॅन्सर झाला होता. ती ह्या फुलाला हात लावून तपासणीला जाते. उद्या तपासणी आहे." पाच वर्षांत हे मी कुणापुढे एका दमात बोललो नव्हतो.

ती आत जाऊन स्क्रूड्रायव्हर घेऊन आली. बर्फ वितळवायला इथे रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने स्क्रू गंजून गच्च बसलेले, हलेनात. मग ती डोक्याला लावायच्या खोबरेल तेलाची बाटली घेऊन आली. थंडीने तेलाचा दगड झालेला. ते मायक्रोवेव्हमध्ये पातळ करून पुन्हा धावत बाहेर. शेवटचा स्क्रू सुटला तेव्हा आम्ही दोघंही बोटांवर फुंकर मारत होतो. तेल फुलावर ओघळून कुंकवात मिसळलं होतं. ती ते पुसायला लागली, तर मी म्हटलं, राहू दे. दोघांना त्यांची स्वतःची प्लेट काढून द्यायला शनिवारी मी घेऊन जाईन, तोवर गाडी जागची हलवायची नाही, असं बजावून निघालो. ऑफिस बंद व्हायच्या आत काउंटरवरच्या त्याच बाईंपुढे प्लेटा ठेवल्या, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. रात्रीचं जेवण दोनदा वाढून घेतलं.

गुरुवारी पार्किंगमध्ये उतरल्यावर बायको गाडीच्या मागे गेली, हात लावला आणि निघाली. मी सुटकेचा निःश्वास टाकला. आत नर्सने तिचा हात पाहिला आणि घाबरून विचारलं, "रक्त कसलं हे?" बोटाला तेलातलं कुंकू लागलं होतं. बायकोने बोट नाकाशी नेलं आणि माझ्याकडे बघितलं. "खोबरेल?" मी छताकडे बघत राहिलो.

मग डॉक्टर आल्या. स्कॅन आठवड्यापूर्वीच झालं होतं. सगळं स्वच्छ आहे, म्हणाल्या, आता पुढच्या वर्षी या.

बाहेर आल्यावर मी तिला सांगलीच्या पोरीची, तेलाची, मायक्रोवेव्हची सगळी हकीकत सांगितली. थोडा मोठेपणाही मिरवला, खोटं कशाला बोलू. ती हसून हसून दमली. "पत्रा आहे म्हटलं होतं ना मी तुला? तीन वेळा म्हटलं."

"मग दर वर्षी हात कशाला लावतेस?"

ती गाडीपाशी थांबली. "पहिल्या वर्षी त्या फुलावर चिखल होता, तो पुसला मी. वळून बघते तर तुझा चेहरा असा सुटलेला, की महिनाभरात पहिल्यांदाच श्वास घेतलास जसा काही. मग दर वर्षी पुसते. मला निदान तपासून घ्यायचं तरी काम असतं रे, तुला नुसतं शेजारी बसून राहायचं असतं ना."

किल्ली हातात होती, पण माझ्याकडून गाडीचं दार काही उघडेना. तिने माझ्या हातातून किल्ली घेतली आणि म्हणाली, "सरक, मी चालवते."

मी पलीकडच्या सीटवर बसून घरापर्यंत रडत आलो. मध्ये सिग्नलला तिने टिश्यूचा डबा पुढे केला. त्यावरही कुंकू लागलं.