एक ओळ ती, एक ओळ मी

फोन आला तेव्हा मी सौंसरला, माझ्या स्वयंपाकघरात कणीक भिजवत होते. पीठ लागलेल्या हातानंच उचलला. पलीकडे वनीचे यजमान, मनोहरभाऊजी. "ताई, वनिता गेली जी..." एवढंच म्हणाले. परवापरवापर्यंत तर ताप उतरल्याचं ती स्वतः सांगत होती. "संत्रे ठेवले तुह्यासाठी, ये नेयाले, नाहीतर गाईले टाकीन," अशी धमकीही दिली होती. महिना होत आला आता. तिच्याबद्दल बोलताना 'होती' म्हणायला जीभ अजून तयार होत नाही.

पांढुर्ण्याच्या शाळेत आम्ही दोघी एका बाकावरच्या. मुलींच्या बँडमध्ये बासऱ्या दोनच, एक तिच्याकडे, एक माझ्याकडे. बँडचे डोंगरे सर मोठे वल्ली. चालता चालता बासरी वाजवायची तर पोरींचा दम पुरत नाही, हे त्यांनी पाहिलं आणि धूनच वाटून दिली. पहिली ओळ वनीनं वाजवायची, दुसरी मी, तिसरी पुन्हा तिनं, चौथी मी. एकीचं वाजवणं चालू असताना दुसरीनं पोटभर श्वास घेऊन ठेवायचा. ऐकणाऱ्याला वाटे, एकच बासरी न थांबता वाजते आहे. खरं सांगायचं तर आम्हालाही तसंच वाटायचं. शाळा सुटली की रस्त्यानं तोंडानं तीच धून, तशीच वाटून घेतलेली. तिची आई कपाळाला हात लावायची, "पोट्टीहो, जराशा माणसावानी बोला नं!"

नववीत सव्वीस जानेवारी तोंडावर आली आणि मोठा ढोल वाजवणाऱ्या मुलीच्या बाबांची बदली झाली. ढोलाशिवाय बँड चालणार कसा? साऱ्या रांगेची पावलं त्याच्यावरच पडतात. ठोका आला की डावा पाय. सरांनी आमच्यावरून नजर फिरवली आणि आम्ही सगळ्याजणी एकदम आपापल्या बुटांकडे पाहू लागलो. तो अवजड ढोल पोटावर बांधून मैदानाला फेऱ्या मारायची हौस कोणाला असणार? वनी सगळ्यांत उंच, अंगानं दणकट. "सर, सव्वीस जानेवारीपुरतंच हं," ती म्हणाली. मग बासरी रुमालानं नीट पुसली आणि सरांच्या पेटीत ठेवून दिली. मला तेव्हा तिचा असा राग आला होता की दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. आता चारही ओळी माझ्या एकटीच्या होत्या.

परेडमध्ये व्हायचं तेच झालं. नेमकं मंचासमोर आलो आणि दुसऱ्या ओळीच्या शेवटाला माझा दम संपला. सूर तुटला. वनीनं तो ऐकला आणि ती रिकामी जागा भरून काढायला दोन ठोके जास्तीचे हाणले. तिनं मायेपोटी केलं, पण मागच्या पोरींना काय माहीत! अर्ध्याजणींनी पाय बदलला, अर्ध्याजणींनी नाही. बाजारात दोर सुटलेल्या बकऱ्यांसारखी रांग एकमेकींच्या टाचा तुडवत निघाली. पाहुणे रुमालाआड हसत होते. नंतर सरांनी सगळ्यांना उभं केलं. "ढोल कोणामुळं बिघडला?" वनी म्हणाली, "मीच बिघडवला सर. लय जोश आला मले." तिला अख्ख्या बँडचं सामान एकटीनं उचलून ठेवायची शिक्षा झाली. मी मदतीला गेले तर म्हणते कशी, "तुहा दम तुटून राहिला होता वं. मंग मी काय नुसती पाहत राहू?"

बासरी तिला परत मिळाली नाही. सर म्हणाले, पंधरा ऑगस्ट होऊ दे. पंधरा ऑगस्ट झाला, तर म्हणाले, आता ढोल तुझ्यासारखा वाजवणारं दुसरं आहे कोण? ज्याला जमतं त्याच्याच गळ्यात पडतं, तसं झालं. शाळा संपेपर्यंत ती ढोलावरच राहिली. पुढं ती लग्न होऊन तिगावला गेली, मी सौंसरला. भेटलो की मी एकदा तरी विचारायचे, "वने, बासरीची आठवण येते का वं?" ती हात झटकायची. "हट्! ढोलच बरा. फुकाचा दम कोण घालवते?" खरं बोलत होती की मला बरं वाटावं म्हणून, ते काही कळायचं नाही. मला मात्र ते लागायचं. वाटायचं, ही मजेत पुढं निघून गेली आणि मी एकटीच त्या मैदानात तिच्या ओळीची वाट पाहत उभी राहिले... तिनं एकदा तरी 'येते आठवण' म्हणायला हवं होतं. आता कोणाला विचारणार?

गेल्या आठवड्यात तिगावला जाऊन आले. भाऊजींनी स्वतः चहा मांडला. साखरेचा डबा सापडेना, तर एकेक झाकण उघडून पाहत होते. वनीच्या ओट्यापाशी मला बसायला पाट दिला. चहा झाल्यावर जरा घुटमळून म्हणाले, "ताई, एक विचारू का जी?"

"विचारा नं."

"वनिता सयपाक करताना एक गाणं गुणगुणे. कोणतं होतं ते? एक ओळ म्हणे, मंग चूप. भाजी हलवत राहे, मानही हालत राहे, पण आवाज नाही. मंग एकदम पुढची ओळ घे, का पुन्हा चूप. रोजचंच होतं. पोरं चिडवत, आई अर्धं गाणं विसरली म्हणून. तर नुसती हासे."

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला. डोळ्यांना पदर लावला. मग मी म्हणाले, "विसरली नव्हती भाऊजी. मधली ओळ माझी होती."

त्यांना नीट उमगलं नाही. म्हणून मी माझी ओळ, दुसरी, गुणगुणून दाखवली. ती संपली. भाऊजी माझ्या तोंडाकडे पाहत होते. "अन् मंग?"

तिसरी ओळ मला पाठ होती. वनी ढोलावर गेल्यावर मीच तर ती वाजवत होते. पण ती तिची होती. मी पोटभर श्वास घेतला आणि गप्प बसून राहिले.