टेपखालची वायर

चिक्कडपल्लीच्या दुकानदाराने मला फसवलं. मिक्सीला नवी वायर घातल्याचे पैसे घेतले आणि जुन्याच चिरलेल्या वायरवर काळी टेप गुंडाळून दिली. तेलंगणा नुकतंच वेगळं झालं होतं. त्याच्या पाटीवरही जुन्या राज्याच्या नावावर नव्याचा कागद चिकटवलेला होता. तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

चटणी वाटताना बायकोला झटका बसला. हात सुटला म्हणून वाचली. मी तडक मिक्सी उचलून बरकतपुऱ्याच्या कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे गेलो. त्याच्या खिशात टेस्टर, तोंडात बडीशेप. त्याने टेपचं टोक सोललं, वायर नाकाशी धरून हुंगली आणि पक्कडीने तिचे तुकडेच केले.

"अरे मियाँ, भाव ठरने के पहले काट दिए?" मी ओरडलो.

"भाव बाद में करो चाचा, दिल भर के लडो. ये वायर वापस घर को नक्को."

त्याचं ते 'नक्को' थेट माझ्या आईच्या 'नको'सारखं होतं. त्याने नवी वायर जोडली. जन्मभर घासाघीस करत आलेला मी, तो मागेल तेवढं देऊन आलो.

संध्याकाळी बायको चटणी वाटत होती. मी शेजारी उभा होतो. मिक्सीची ती घरघर ऐकून मनावरचं ओझं उतरलं.

टेपवाला तुकडा मात्र मी मागून घेतला होता. घरात नेला नाही, स्कूटरच्या डिकीतच ठेवला. सकाळी तो चिक्कडपल्लीच्या त्या दुकानदाराच्या काउंटरवर आपटला.

"तुम्हारे घर की मिक्सी को ये लगाते क्या? जवाब दो!"