नौपाड्यात सरळ करून आणलेली गोधडी

माझी शाळा चौथीपर्यंत, तीही अर्धीच. पण घाण कशाला म्हणतात ते मला कळतं.

सूनबाईने नौपाड्यातल्या दुकानातून आणलेली पिशवी उघडली आणि आधी वास आला. कुणी गुलाबाचं अत्तर बाटलीभर ओतावं तसा. पिशवीत आमचीच गोधडी होती, कोपऱ्याला पुठ्ठ्याचं लेबल लोंबत होतं.

ही गोधडी बायकोने शिवलेली. मी तेव्हा कळव्याजवळ मिठागरावर कामाला जायचो. वर तिची जुनी लुगडी, आतल्या थरात माझे फाटके सदरे. जमिनीवर पसरून, तिच्यावरच बसून ती कडेपासून मध्यापर्यंत टाके घालत यायची. टाका तांदळाएवढा. माझ्याशी वाजलं की लांब पडायचा, ओळ वाकडी जायची. जमीन गेली, माजिवड्याला लिफ्टच्या घरात आलो, बाकीच्या गोधड्या फाटून संपल्या, ही एक राहिली. दोन वर्षांपूर्वी तिचा उजवा हात लुळा पडला. म्हणजे तिच्या हातचं शिवण घरात एवढंच. मशीनमध्ये धुताना कड उसवली म्हणून सुनेने दुकानात दिली होती. फक्त कड शिवायला.

"बाबा, बघा ना, काय फिनिशिंग आलंय!"

बघितलं. सगळे टाके नवे. पट्टी लावून मारल्यासारखे सरळ, एकसारखे, मेलेले.

बायकोने डाव्या हाताने गोधडी उलटी केली, परत सुलटी केली. "कुनाची आनलीस गो ही?"

"आई, आपलीच आहे."

"नाय. माजी नाय ती." आणि बाजूला सारली. रात्री पांघरली नाही. दुसऱ्या रात्रीही नाही. पातळ चादरीत आखडून झोपली.

मी तडक रिक्षा केली, दुकानात गेलो. बाई गोड हसली. "काका, मूळचे टाके फारच वेडेवाकडे होते. सगळे काढून आमच्या मुलींनी हाताने नव्याने घातले. नवं आयुष्य दिलं आम्ही तुमच्या गोधडीला!"

"कुणी सांगितलेलं?"

"अहो, चांगलं दिसावं म्हणूनच…"

"काढलेला दोरा कुठाय?"

"तो? कचऱ्यात गेला, काका."

भिंतीवर असल्याच गोधड्या चौकटीत टांगलेल्या. पांघरायची वस्तू भिंतीला! थुंकावंसं वाटलं. दुकानात थुंकणार नाही एवढी रीत मला आहे, म्हणून बाहेर येऊन थुंकलो.

घरी येऊन गोधडी बाल्कनीत ताणून बांधली. चार दिवस ऊन दिलं, तरी अत्तर जाईना. मग ब्लेड घेऊन त्यांचा एकेक टाका कापत बसलो. सून म्हणाली, "बाबा, पूर्ण फाटेल हो." म्हटलं, फाटू दे.

दोरा निघाला तसं खाली दिसलं. जुना टाका जिथं होता तिथं कापडाला ऊन लागलेलं नव्हतं. तेवढाच लुगड्याचा हिरवा रंग गडद राहिलेला. तांदळाएवढे ठिपके, तिच्या प्रत्येक टाक्याखाली एक. त्या बाईला ते दिसले नसतील का? दिसले असणार. तरी वरून सरळ रेघ ओढली. याचीच मला जास्त किळस.

सुई मी जन्मात धरली नव्हती. ठिपक्याच्या एका टोकाला खाली, दुसऱ्या टोकाला वर. बायको खाटेवरून बघत होती.

"अवो, मीठ ओढताव का शिवताव? सुई हाय ती."

"तू गप बस."

"मी गप बसंन. पन ती ओळ उसवा."

तीन वेळा उसवली तिने माझ्याकडून. बोटं भोकं भोकं झाली. सून म्हणते, आजकाल क्लास असतात, मी लावून देते. क्लास! मला शिकवणारी खाटेवर बसलीय.

काल चौथ्यांदा ओळ पुरी केली. तिने गोधडी नाकाशी नेली, तोंड वाकडं केलं. "अजून घान मारतेय."

"टाके बघ."

खूप वेळ बघत राहिली. मग गोधडी माझ्याकडे ढकलली. "फुडली घ्या."

पांघरली मात्र नाही.