डावा पाय सरकारी

स्वतःच्या पायांशी इतक्या मोठ्या आवाजात आणि इतक्या वाईट शब्दांत भांडणारा माणूस भोर आणि वेल्हे या दोन्ही तालुक्यांत माझ्या थोरल्या भावाखेरीज दुसरा सापडायचा नाही. दादा राहतो गडाखालच्या पालीच्या वरच्या अंगाला, चार घरांच्या वस्तीत. सोबत वहिनी, दोन म्हशी आणि पंधरा-वीस शेळ्या. काही वर्षांपूर्वी पुण्याच्या डॉक्टरांनी त्याला पार्किन्सन असल्याचं सांगितलं. वस्तीने ते मानलं नाही. वस्तीच्या मते त्या आजारात हात थरथरायला हवेत, आणि दादा तर अजून एक थेंब न सांडता चहा बशीत ओततो. त्याचा आजार उतरला तो पायांत आणि विचारांत. चालता चालता पाय एकदम जमिनीला चिकटतात. कमरेवरचा दादा पुढे निघालेला असतो, कमरेखालचा तिथेच. मग खाली बघून त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू होतो. दोन्ही पायांचे स्वभाव त्याने ठरवून टाकलेत. "उजवा गरीब हाय, सांगंल तसं ऐकतो. डावा सरकारी. सही-शिक्का झाल्याबिगर जागचा हालत न्हाई."

सगळ्यात जास्त अडतं ते दारात. गोठ्याच्या दारात तो अडकला की मागे शेळ्यांची रांग लागते. त्यातल्या धीट शेळ्या त्याच्या दोन पायांमधून वाट काढतात, आणि दादा जागच्या जागी उभा राहून त्यांच्या आयांचा उद्धार करतो. पण चढण लागली की हाच माणूस बोकडासारखा चढतो. एकदा ट्रेकला आलेली शहरातली पोरं गडाच्या वाटेवर धापा टाकत बसली होती. दादा दगडांवरून सरसर त्यांच्याही वर गेला, मग थांबून म्हणाला, "बसा, बसा. गड कुठं पळून चाललाय?" तासाभराने तीच पोरं खाली आली, तेव्हा दादा चहाच्या टपरीपुढच्या सपाट जागेत खांबासारखा उभा होता. त्यांनीच त्याला हाताला धरून बाकड्यावर बसवलं. चहाचे पैसेही त्यांनीच दिले, हे तो अजून अभिमानाने सांगतो.

चालताना त्याच्याशी बोलायचं नाही, हा पहिला नियम. रस्त्यात कोणी "जेवला का, तात्या?" एवढं विचारलं तरी तो गपकन थांबतो, कारण जेवणाचं आठवायचं की पाऊल टाकायचं, यातलं एकच काम एका वेळी होतं. मी पडले यादी करणारी बाई. दादासाठी चौदा सूचना मोठ्या अक्षरांत लिहून मी त्याच्या घराच्या भिंतीवर चिकटवल्या. दुसऱ्या दिवशी वहिनीचा फोन आला. "वन्सं, तुमचा कागुद काढते बगा. सकाळच्यान सातव्या वळीपुढं हुबे हायेत. म्हशी बोंबलत्यात."

विचारांचंही तसंच. डोकं शाबूत आहे, फक्त उत्तर आतून निघून तोंडापर्यंत येईस्तोवर गावाला वळसा घालून येतं. डॉक्टरांनी त्याला शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितलं. दादा बराच वेळ गप्प. डॉक्टरांनी काहीतरी लिहून घेतलं, आणि आम्ही उठायला लागलो तेव्हा हा म्हणाला, "डाक्टर, शेळ्या सातानं कमी हुत न्हाईत. बिबट्या एका येळंला येकच न्येतो." माझ्या लेकीच्या लग्नाच्या बैठकीत तर कहर झाला. नवऱ्या मुलाच्या काकांनी आल्या आल्या विचारलं होतं, की यंदा विहिरीला पाणी कसंय. दादा विचार करत बसला. चहा झाला, पोहे झाले, बोलणं पार पुढे गेलं. शेवटी त्यांनीच आदराने विचारलं, "मामा, आमचा मुलगा कसा वाटला?" आणि दादाचं मघाचं उत्तर नेमकं त्याच क्षणी बाहेर पडलं. "गढूळ हाय. पन उपसलं तर चालंल." पहिल्यांदा हसला तो नवरा मुलगा. माझी पसंती त्याच्यासाठी तिथेच पक्की झाली.

आमच्यात नवरीला बोहल्यापर्यंत मामाने आणायचं असतं. मी लग्नाची कामं लिहायला बसले आणि त्या ओळीसमोर धाकट्या भावाचं नाव लिहून मोकळी झाले. मुहूर्त म्हणजे मुहूर्त, दोनशे माणसं खोळंबायला नकोत, एवढाच माझा हिशोब. दादाच्या कानावर ते गेलं. त्याने फोन केला. एकच वाक्य बोलला, "मला खोडलंस व्हय गं?" मी धाकट्याचं नाव खोडलं. धाकटाही सुटल्यासारखा म्हणाला, "बरं झालं. तसंबी म्या निस्ता राखीव गडी."

त्या दिवसापासून दादाने सराव सुरू केला. नवरीच्या जागी एक शेळी. तिचं दावं हातात धरून अंगणातून गोठ्यापर्यंत रोज सकाळी वरात निघायची. डॉक्टरांनी एक युक्ती सांगितली होती, की समोर आडवी रेघ दिसली की ती ओलांडायला अडलेला पाय उठतो. वहिनी अंगणात राखेच्या रेघा मारायची आणि दादा एकेक रेघ ओलांडत जायचा. रेघ असली की सरकारी पायसुद्धा हजेरी लावायचा. मीही ठरवलं, की भोरच्या कार्यालयात नवरीच्या खोलीपासून बोहल्यापर्यंत पांढऱ्या रांगोळीच्या आडव्या रेघा मारायच्या, वीतभर अंतराने. लग्नाच्या सकाळी मी त्या पट्टी लावून मारल्या आणि आहेराच्या मागे लागले.

परत येऊन बघते तर काय! माझ्या जाऊबाईंना वाटलं, कोणीतरी रांगोळी अर्धवट सोडून गेलंय. लग्नघरी असं बरं दिसत नाही, म्हणून त्यांनी दोन बायका हाताशी घेतल्या, माझ्या रेघा जोडल्या, रंग भरले आणि तिथे एक मोर उभा केला. पिसारा फुलवलेला, दाराएवढा रुंद. "कशी झालीय?" त्यांनी विचारलं. मी उत्तर द्यायच्या आत खोलीचं दार उघडलं आणि लेकीचा हात धरून दादा बाहेर आला.

चार पावलं आला आणि मोरापाशी थांबला. रांगोळीवर पाय द्यायचा नसतो, हे तर लहानपणापासूनचं. त्यात डावा पाय निमित्तच शोधत होता. भटजींनी माईकवरून पुकारलं, "मामांनी मुलीला घेऊन यावं." मांडवातल्या प्रत्येकाला एकाएकी डॉक्टरकी आली. "उजवा टाका, उजवा!" "अवो, तुडवा की मोर!" "मागनं जरा ढकला!" एक शब्द आला की दादा आणखी रुतायचा. त्याच्या कपाळावर घाम आला. धाकटा भाऊ माझ्याकडे बघत पुढे सरकला, लेकीचा दुसरा हात धरायला. दादाने ते पाहिलं. त्याचा चेहरा असा झाला, की मला धाकट्याला ये म्हणवेना आणि जा म्हणवेना.

लेकीने धाकट्या मामाला मान हलवून नको म्हटलं. मग दादाच्या कानाशी तोंड नेऊन, पण मला ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली, "मामा, हुबं ऱ्हाऊया आपन. मला तरी कुठं जायची घाई हाय?"

आणि ती खरंच उभी राहिली. ओढलं नाही, ढकललं नाही, पायांकडे पाहिलंसुद्धा नाही. तिचं बघून माणसंही हळूहळू गप्प झाली. माईकवाले भटजीही थांबले. किती वेळ गेला, मी घड्याळ बघितलं नाही, आणि माझ्यासारख्या बाईसाठी ही काही लहान गोष्ट नाही. मग दादाचा डावा पाय अलगद उचलला गेला आणि थेट मोराच्या मानेवर पडला. जाऊबाई "अगं बाई" म्हणाल्या. पिसारा तुडवत दोघं बोहल्याला लागली.

उन्हं कलल्यावर गाडी लेकीला घेऊन सासरी, सारोळ्याच्या दिशेने गेली. बायका डोळे पुसत आत वळल्या. दादा फाटकाशी उभा होता. अडकला असेल, म्हणून मी हात धरायला गेले, तर तो नुसता रस्त्याकडे बघत होता. म्हणाला, "का गं, लई बिगीबिगी तर न्हाई न्हेली ना म्या तिला?"

मी त्याच्या शेजारी उभी राहिले.

"जरा लवकरच नेलीस, दादा."