पिकअपच्या कडेचे आकडे

कपाट आवरताना तळाशी अंथरलेली पिकअपची जुनी जाहिरात हाताला लागली, डांबरगोळ्यांच्या वासासकट. चकचकीत रिकामी गाडी आणि दोन्ही बाजूंच्या फळ्यांना बाहेरून लोखंडी आकड्यांची रांग. सिल्वासाला नवीन आलो तेव्हा हे आकडे कशाला, ते आम्हा नवराबायकोला कळेना. "दसऱ्याला हार बांधायला, दुसरं काय!" मी ठणकावून सांगितलं होतं.

त्याच वर्षी सासूबाईंबरोबर सिल्वासाजवळच्या दुधनीला ओळखीच्यांकडे गेले असताना मला आठव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या. जवळ होती ती फक्त मासळीची पिकअप, आणि रस्ता नुसता खड्ड्यांचा. सासूबाईंनी गोधडीची चारी टोकं दोरीनं त्या आकड्यांना बांधली आणि मला झोळीत निजवलं. "घाबरू नको पोरी, हिसका गाडीला बसंल, तुला नाही." खरंच, गाडी आदळत होती आणि मी झुलत होते. मासळीचा वास, तोंडावर ऊन, कपाळावर सासूबाईंचा खरखरीत हात. सिल्वासाच्या दवाखान्यात बाळ रडलं तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

"आई, हे आकडे कशाला गं?" खांद्यावरून डोकावत लेकीनं विचारलं.

"तुझा पहिला पाळणा टांगायला," मी म्हणाले.